धडक

काय काम करतेस विचारलं की सांगते:
भिंतींना धडका मारते.
डंडीत, तिसऱ्या मजल्यावर, आठ ते चार.
डोंगर-नद्यांसकट एक अख्खं राज्य आहे,
त्यातला एकेक दगड खांद्यानं ढकलून बघायचा
की माणूस आरपार जाऊन
जगाखाली पडतो का.
पडतो कधीकधी.
खाली सगळं करडं, आणि वर बघावं तर
गवताची पोकळ पाठ.
मी क्रमांक टिपते, परत वर येते.

टे नदीवर समुद्राचं धुकं चढलं
की खिडकीतला रेल्वेपूल अर्ध्यातच संपतो,
पलीकडचा किनारा लोड व्हायचा राहिल्यासारखा.
आम्हीही असंच धुकं सोडतो,
जिथं पुढचं काही रचलेलं नसतं तिथं.

खालच्या घरात ड्युगिड राहतात.
पोरवयात तागाच्या गिरणीत होते, कान तिथंच गेले.
आमचाच मागचा खेळ खेळतात.
राजधानी पेटलीय, राणीचा निरोप आलाय: असाल तसे निघा.
हे आठ महिने झाले मासे धरतायत.
"अहो, राणी?" मी ओरडले.
"थांबेल की. इथं सगळे थांबतात."

खरंय. ज्वाळा त्याच उंचीवर,
दूत दारात तसाच घामेजलेला,
शीळ घातली की घोडा हजर.
उशीर केलास, असं कुणी म्हणत नाही.

मला दोनदा उशीर झालाय.
एकदा विमानाला.
दुसऱ्यांदाही विमानालाच,
पण तेव्हा घरी लोक खोळंबले होते,
मग नाही खोळंबले.

सोमवारी बैठक झाली.
एकट्यानं हिंडायला एवढं मोठं जग आता परवडत नाही म्हणे.
यानंतरचा सगळ्यांनी मिळून, कायम जोडलेला,
दर हंगामाला नवा, जुना पुसून.
तिथं राणी शुक्रवारी सहापर्यंत.
वाचली तर वाचली.
तक्त्यातले आकडे बरोबर होते, मी मान हलवली.
गर्दीतही मजा असते, खोटं कशाला बोलू.

उत्तरेच्या टोकाला, कड्यामागे,
जिकडं एकही कामगिरी जात नाही,
इनेसनं एक बाक ठेवलाय.
बसता येतं, बाकी काही नाही.
कोण येणार इथं, मी विचारलं होतं.
म्हणाली, म्हणूनच.
मागच्या कपातीत ती गेली.

आज माझ्या यादीत तो बाक आला.
धडक मारली. पक्का.
बसून बघणं यादीत नव्हतं.
बसले.
बर्फाचं डोकं गुलाबी झालं, मग निळं.
एक कोल्हा आला, माझ्याकडं न बघता गेला.
चारला बारा मिनिटं कमी होती.

संध्याकाळी जिना उतरून गेले.
ड्युगिड होडीतच.
"पुढचा कधी येतोय?"
"नोव्हेंबरात," मी मोठ्यानं म्हणाले.
त्याच्या पुढचं त्यांनी विचारलं नाही.
"हळू बोल," म्हणाले, "मासे पळतील."

माशांना आम्ही कान दिलेले नाहीत,
मला माहीत आहे.
तरी मी आवाज खाली आणला.