घाईचं गाणं

कारखाना बंद पडून एकोणीस वर्षं झाली
तरी भिंतींना सार्डिनचा वास होताच.
इरिया म्हणाली, अल्बम इथंच करायचा.
मी म्हटलं, आवाज घुमतो फार,
वारा सुटला की पत्रे वाजतात.
ती म्हणाली, वाजू देत.

मी ब्राइस. आवाज टिपणारा माणूस.
ऐकणं हे माझं काम, मत देणं नव्हे.
विगोहून भाड्याच्या गाडीत आणलेले सहा माइक
मासे चिरायच्या ओट्यावर मांडले,
दारांना गाद्या टेकवल्या.
खिडकीतून खाडी दिसायची, शिंपल्यांचे तराफे,
आणि दिवसभर एकाच खुंटावर बसून राहिलेला
एक पाणकावळा.

आठ गाणी तिची स्वतःची होती.
जिनिव्हाच्या हॉटेलात चादरी बदलतानाची,
फोन न उचलणाऱ्या एका माणसाची,
आणि एक नुसतंच रागाचं,
ज्यात गिटारची तार दोनदा तुटली.
दुसऱ्यांदा तुटलेली आम्ही तशीच ठेवली.

नववं गावचं.
याच ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायांचं.
इरियानं ते संथ केलं होतं,
एकेक शब्द पाण्यात सोडावा तसं,
खाली व्हायोलिनचा लांबलचक सूर,
कडव्याच्या शेवटी नुसता श्वास.
‘मिशीत तुझ्या खवले चमकती’ या ओळीला
मी हेडफोन काढून डोळे पुसले,
खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी तिची मावशी आली, दोसिंदा.
वय अठ्ठ्याहत्तर. डबे बंद करायच्या यंत्रानं
डाव्या अंगठ्याचं पेर नेलेलं.
हातात बटाट्याचं ऑम्लेट, वर फडकं.
उभ्या उभ्या सगळं ऐकलं,
मग विचारलं,
“कोण गेलं?”

अंशोनं ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या.
इरिया काहीच बोलली नाही.

“अगं, रडगाणं नव्हतं हे.
बोट लागली की भोंगा व्हायचा,
मग रात्रीचे दोन असोत की तीन.
ऑगस्टात मासा टोपलीतच नासायला लागतो.
हात थांबला की माल गेला,
माल गेला की मजुरी गेली.
हात हाकायला गाणं होतं, बाई.
आणि खवले कुणाच्या मिशीत?
मुकादमाच्या! मेला
फुकटचे मासे खायचा कोपऱ्यात बसून.
दुःख आम्ही घरी जाऊन करायचो,
ते काही तुला ऐकवायचं नाही.”

मी माइक पुढे सरकवला.
“गळा मिळायचा नाही,” म्हणाली. “ठेका ने हवा तर.”
तेलाचा रिकामा डबा काखेत धरला,
खिशातून दाराची किल्ली काढली,
आणि सुरू.

सहाचा ठेका, पाणचक्कीचा,
तिसऱ्यावर जरासा लंगडणारा.
लंगडतोय म्हणावं तोवर पुढे गेलेला.
अंशोच्या हातून काडी निसटली.
इरियानं गिटार जोडली, बटण शेवटपर्यंत फिरवलं,
आणि धावली त्या डब्यामागे
चुकत, शब्द गिळत, मधेच हसत.
पत्रेही वाजत होते.
पाच मिनिटांचं गाणं
एक मिनिट बावन्न सेकंदांत संपलं.
ऑम्लेट गार झालं होतं, आम्ही ते उभ्यानंच खाल्लं.

तेच ठेवलं अल्बमात.
माद्रिदच्या एका समीक्षकानं लिहिलं,
‘नवव्या गाण्यात शतकांची वेदना आहे.’
इरियानं ते वाचून दाखवलं तेव्हा
मी गाडी चालवत होतो,
बाजूला घेऊन थांबवावी लागली.

सप्टेंबरात दोसिंदाकडे गेलो.
तिला दिलेली सीडी
द्राक्षांच्या मांडवात दोऱ्यानं टांगलेली,
साळुंक्या उडवायला.
वाऱ्यानं गरगर फिरत होती,
भिंतीवर उजेडाचा तुकडा पळवत.

“ऐकलीस तरी का?” इरियानं विचारलं.

“ऐकली की. दोनदा.”
कात्रीनं एक घड तोडून
तिनं माझ्या हातात दिला.
“अजून जरा हळूच आहे.”