घरची म्हणून

सहा लाख, काका म्हणाला,
घरची म्हणून.

डिचोलीहून निघतानाच मी वाक्य पाठ केलं होतं:
काका, बाहेर हीच गाडी पाच-चाळीसला मिळते.
माशेलपर्यंत ते तोंडात नीट बसलं होतं.
सावईवेऱ्याच्या उतारावर माडा-पोफळीची सावली सुरू झाली
आणि मला 'बाहेर' हा शब्दच खटकायला लागला.

काकीने फणसाचं साट पुढे केलं.
काका वही घेऊन बसला.
नऊ वर्षांचं पेट्रोल, लिटरात, पैशांसकट,
निळ्या शाईत, रेषेवर.
गेल्या दिवाळीपासून अक्षर रेषा सोडून चाललेलं,
शेवटची तीन पानं काकीच्या हातची.

डॉक्टरने रात्रीची गाडी बंद सांगितली
तेव्हा तो दिवसाची चालवत राहिला.
मग एप्रिलात, भरदुपारी,
बाणस्तारीच्या पुलाअलीकडे त्याला सायकल दिसली नाही.
माणसाला काही झालं नाही,
चाक तेवढं वाकलं.
काकाने त्याला नवी सायकल घेऊन दिली
आणि घरी येऊन चावी मिठाच्या बरणीमागे ठेवली.
हे काकीने सांगितलं, स्वयंपाकघरात, नळ सोडून.
काकाने सांगितलं ते एवढंच :
दोघांना एवढी मोठी गाडी हवी कशाला?

कुर्टीहून इनास मेस्त आला.
लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली खुपसून म्हणाला,
बॅटरी माझ्यापेक्षा बरी आहे.
पण पंखा दमतोय.
गाडीत कुत्रा असायचा काय?
छे, काका म्हणाला. कुत्रा कधीच नाही.

इनासने मागच्या सीटजवळची जाळी काढली.
मूठभर केस,
तपकिरी, लोकरीसारखे दाबून बसलेले,
मधूनमधून करडे.
कर्नलला जाऊन दोन पावसाळे झाले.
शेवटी शेवटी त्याची पाठ अशीच पिकली होती.
इनासने फुंकर मारायला तोंड पुढे नेलं
तसा काका म्हणाला, थांब.
बोटांनी चाचपून एक चिमूट तोडली
आणि शर्टाच्या खिशात टाकली, चष्म्याच्या डबीशेजारी.
फिल्टरचे किती होतील, त्याने विचारलं.
इनास म्हणाला, राहू दे.

माझं वाक्य अजून तोंडातच होतं,
साटासारखं दाताला चिकटलेलं.
चेकवर मी सहा लिहिले,
अंकात, अक्षरात, 'फक्त'सकट.
प्रेमानंद रात्री विचारील, वरचे साठ हजार कशाचे,
आणि मी जेवायला वाढायला घेईन.

आरटीओच्या फॉर्मवर काकाने सही केली.
मी बोट ठेवलं त्या जागेच्या
जरा खाली.
वही गाडीबरोबरच दिली.
म्हणाला, ही गप्प सुटते,
कोंबड्यांना कळत नाही, माणसांनाही नाही,
वळणावर हॉर्न देत जा.

बटण दाबलं. सुरू झाली म्हणजे
एक हिरवा दिवा लागला, बस.
चिऱ्यांच्या भुग्यावर टायर तेवढे कुजबुजले.
आरशात काका फाटकापाशी,
निरोपाचा हात वर केलेला,
तोंड मी मघाशी होते तिकडे.
गेली गे ती? त्याने काकीला विचारलं.

इनासने बजावलं होतं,
पाय अलगद ठेव, बाई, पेट्रोल वाचतं.
मी पुरता दाबला.
इंजिन खडबडून जागं झालं,
कोंबड्या कुंपणावरून पलीकडे उडाल्या,
आणि आरशात त्याची मान आवाजामागे वळली,
हात हलायला लागला.
चढ संपेपर्यंत मी पाय काढला नाही.

वहीत माझ्या अक्षरातली पहिली ओळ ती.
ॲव्हरेज अकरा.