बूट

हॅलर्स क्रीकच्या शाळेची जिम.
बास्केटबॉलच्या रिंगखाली घडीच्या खुर्च्या मांडल्यात,
बादल्या, निळे प्लास्टिक, लवंगेचा वास.
बाहेर काल रात्रीपासून गाड्या उभ्या,
काचा वाफेने आंधळ्या,
आत कोणी जबडा धरून झोपलेलं.
केंटकीच्या या डोंगरकपारीत
वर्षातून दोन दिवस फुकट दात काढतात.

माझ्या हातांना इथे परवाना नाही.
इचलकरंजीत सव्वीस वर्षं
अक्कलदाढा उपटणारे हे हात
इथे फक्त टॉर्च धरतात.
छातीवर बिल्ला : हेमलता, मदतनीस.
मुलीने विचारलं होतं, चालेल ना गं तुला?
चालेल म्हटलं. वाटलं होतं, चालेल.

पहिलाच माणूस, ड्वेन, गॅरेजवाला.
सवयीने तोंडून गेलं,
इतके दिवस का थांबलात?
त्याने तोंड मिटून घेतलं.
कुलूप लावावं तसं.

व्हर्नाने मला पाण्याच्या पिंपाशी ओढलं.
याच शाळेत तीस वर्षं जेवण वाढलेलं तिने,
रांगेतल्या निम्म्यांना ती डब्यावरून ओळखते.
म्हणाली, ते विचारायचं नाही.
उत्तर त्याला पाठ आहे,
म्हणून तर रात्र गाडीत काढली.
आणि तोंडात काय बघतेस?
तिकडे बघायला डॉक्टर आहे.
तू बूट बघ.

मी बूट बघितले.
सुई आत जायच्या आधीच
चामड्याखाली अंगठा उठतो,
उंदीर पोत्यात हलावा तसा.
चेहरा म्हणतो, ठीक आहे, चालू द्या.
बूट म्हणतो, नाही.
व्हर्ना तेव्हा घोट्यावर हात ठेवते.
बोलत काही नाही.
उंदीर हळूहळू बसतो.

माझ्या दवाखान्याच्या दारावर पाटी होती,
पादत्राणे बाहेर काढावीत.
लूमवरून सुटलेली माणसं अनवाणी आत यायची,
बोटांच्या बेचक्यात कापसाची पिंज.
सव्वीस वर्षं
दहा-दहा उघडी बोटं माझ्यासमोर आखडत होती,
आणि मी म्हणत होते, आ करा.
मोठा आ करा.
आधी तो मावा बंद करा.

दुपारी एक आजोबा परत आले,
गालात कापसाचा बोळा,
हातात बाटली, घट्ट, तपकिरी.
बोली कळेना. व्हर्नाने सांगितलं, स्वतः गाळलंय,
ज्वारीसारख्या धाटांचा रस आटवून.
बोट बुडवून चाटलं,
अगं बाई, काकवी!
दातांच्या डॉक्टरला काकवी आणलीय, म्हणून
आम्ही दोघी इतक्या हसलो
की व्हर्नाची कवळी निसटली.
तीही इथलीच, अकरा वर्षांपूर्वीची,
याच रिंगखाली बसवलेली.

मग एकशे सदतीस नंबर.
एकोणीस वर्षांची. कॅनव्हासचे गुलाबी बूट,
नाडीत मणी ओवलेले.
म्हणाली, वरचे सगळे काढा.
पुन्हा पुन्हा कोण येणार.
भूल, नर्स, वाडगा. एक. दोन.
टॉर्च मी दुसऱ्या हातात घेतला
आणि तिचा घोटा धरला.
पाचव्या दातापर्यंत मणी थरथरत होते.
नंतर थरथर कोणाची, कळेना.

संध्याकाळी खुर्च्या मिटवल्या,
फरशीवर पुन्हा खेळाच्या रेघा दिसू लागल्या.
मी पायरीवर टेकले, काकवीची बाटली मांडीवर.
व्हर्ना शेजारी येऊन बसली, गुडघे वाजवत.
चेहऱ्याकडे बघितलंच नाही तिने.
खाली बघत राहिली,
मुलीने घेऊन दिलेल्या पांढऱ्या बुटांकडे.

मी पाय पायरीखाली ओढून घेतले.