भांड्याला भांडं

पाथर्डी फाट्यावरच्या त्या शिल्पाचं
खरं नाव संगमरवरात कोरलंय :
'विश्वमैत्री'. अकरा देश. खाली महापालिका.
रिक्षावाले म्हणतात, भांडी सर्कल.
"भांड्यांपाशी उतरणार, का पुढे?"

देशांनी एकेक भांडं पाठवलं होतं.
पेरूची किटली, जपानचा तवा,
केनियाहून कुणाच्या तरी गोठ्यातली चरवी,
तळाशी अजून दुधाचा वास.
इलोनाबाई हंगेरीच्या. मराठी शून्य.
वडिलांचं इंग्रजी 'होल्ड' आणि 'हॉट', एवढंच.
तांबट आळीतल्या आमच्या दुकानात
दोघं चाळीस दिवस ठोकत बसली,
एकाचा ठोका पडला की दुसऱ्याचा,
चुकला की हसायची.

अकरावं भांडं आलंच नाही.
आधी कळलं, बंदर बंद आहे.
मग कळलं, गावच उरलं नाही.
पाठवणाऱ्याचं काय झालं, ते विचारायला
कुणाकडे नंबरही नव्हता.
उद्घाटन सोमवारी. मांडव पडलेला.
शिल्पाच्या कुशीत वीतभर भोक.

रविवारी रात्री वडील माळ्यावर चढले,
आईचं घंगाळ घेऊन उतरले.
आई म्हणाली, "प्लास्टिकची बादली आहेच की."
मग कात्री लागायच्या आत,
"नावाची बाजू आत घ्या."

तेव्हापासून विश्वमैत्रीच्या पोटात,
फक्त पालींना वाचता येईल असं :
चि. सौ. कां. वत्सला हिस
मामाकडून, ओझर, १९७४.

द्राक्षांचे ट्रक गेले की सगळं थरथरतं,
किटली तव्याला, तवा चरवीला लागतो.
समोरच्या सोसायटीनं तक्रार केली.
इंजिनिअर म्हणाला, घट्ट करून टाका.
वडील शिडीवरून म्हणाले,
"एका घरात आहेत, साहेब. भांड्याला भांडं लागणारच."
आणि निम्मेच रिव्हेट आवळून खाली आले.

तीन वर्षांनी एक खोकं आलं.
महापालिकेनं ते आमच्याकडे ढकललं.
आत कॉफीचं छोटं पातेलं, लांब दांड्याचं,
एका अंगानं काळं पडलेलं.
वडिलांनी चिंचेनं घासलं, मग लिंबानं,
मग सोडून दिलं.
आतून तेवढी कल्हई केली.

सर्कलवर आता जागा नाही.
आई त्यात चहा करते.
एका माणसापुरता होतो,
दोघं अर्धा-अर्धा घेतात.
दांडा फार तापतो, म्हणते,
धरायला फडकं लागतं.