मनामा, दहाचा खेळ

हॉलचा एसी बंद पडला म्हणून
आम्हाला बोलावलं, मला आणि परकारचाचांना.
खाली जपानी सिनेमा चालू,
वर छताच्या पोकळीत आम्ही पालथे,
जाळीला डोळे लावून.

पडद्यावर बर्फ.
एक बाई दारापुढची वाट झाडत होती,
कुणी यायचं उरलं नव्हतं तरी.
पुन्हा बर्फ. पुन्हा झाडू.
खालची अक्षरं अरबी; चाचा कुजबुजत अर्थ सांगायचे,
मग सांगायचे थांबले.

पाना माझ्या हातात तसाच.
बाईचे केस पिकले
की बर्फच तो डोक्यावरचा,
इतक्या वरून नीट कळेना.

गॅस भरला. गार हवा सुटली.
कुणीतरी अंगावर ओढणी घेतली.
शेवट राहिला;
सुपरवायझरनं पुढच्या कामाला पिटाळलं.

व्हॅनमध्ये चाचांनी मोबाइल काढला.
दाभोळचा एक नंबर,
पगार झाला की आधी त्याचा रिचार्ज.
रुकय्याचाचीचा. तिला जाऊन सहा वर्षं झाली.
"बंद पडला तर दुसऱ्याला देऊन टाकतात रे,"
एवढंच बोलले,
आणि वायपर सुरू केला.

सिग्नलपर्यंत काच स्वच्छ होती.
मग पुन्हा वाळू.