सोळा लिटरचा पंप

अकितीच्या दुसऱ्या दिवशी
मोटारीच्या खोलीतून फवारणीचा पंप काढायला गेले
तर खुंटीवरून काहीतरी भुर्रकन
माझ्या कानाला वारा घालून गेलं.

झाकण मागेच हरवलेलं.
टाचा उंचावून टाकीत पाहिलं:
निंबाच्या काड्या, सुतळीचे दोरे,
आणि माझ्याच केसांचा गुंता,
विंचरून खिडकीतून फेकते तो.
त्यात पाच अंडी.
हिरवट, वर तपकिरी ठिपके,
खर्ऱ्याची पिचकारी बारीक उडावी तसे.

शालिकभाऊजी दारातूनच म्हणाले,
"उलटा कर ना वो वयनी. वांग्यावर अळी हाय.
पंप काय त्या दयाळाच्या बाचा हाय?"
म्हटलं, तुमच्या तरी बाचा कुठं हाय?
बचत गटाचा हाय.

म्हणून मग बैठक.
अकरा बायका, एक सतरंजी,
हप्ते झाले, चहा झाला,
आणि शेवटचा विषय: पंपात पाखरू.
देवका म्हणाली, मडक्यात ठेवू उचलून.
इंदू म्हणाली, हात लागला का माय सोडते.
खरं की खोटं कोणालाच ठाऊक नव्हतं,
पण सगळ्या गप्प झाल्या.
द्वारकाबाईंचा नंबर होता त्या आठवड्यात,
मिरचीवर बोकड्या, तोंडावर राग.
त्यांनीच वही ओढली
आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:
"पंप दुरुस्तीले हाय."

मग महिनाभर दुरुस्ती चालली.
नर पहाटे विजेच्या खांबावर बसून
अख्ख्या सांदवाडीवर हक्क सांगायचा.
मादी मातकट, बिनबोभाट,
चोचीत हिरवी अळी धरून यायची,
मी दारात असले तर
तारेवर बसून माझ्या जाण्याची वाट पाहायची.
मोटार सुरू करायला मी
माझ्याच खोलीत चोरासारखी शिरायचे.

खोटं कशाला सांगू,
पाखरांनी वांगी वाचवली नाहीत.
दोन ओळी किडल्या त्या किडल्याच.
चिरताना अर्धं वांगं गाईला,
अर्धं भाजीत.

एका सकाळी टाकी गप्प होती.
तीन उडाली.
तळाशी दोन अंडी तशीच,
थंड, हलकी.

पंप खाली काढला
तेव्हा केसांच्या गुंत्याखालून तो वास आला,
गेल्या हंगामातला,
नाकात शिरून घशाला बसणारा.

औषधाच्या डब्यावर चित्र असतं,
टाकी तीनदा धुवा.
मी धुतली होती.
पण त्या दिवशी खापरीहून पाहुणे आले होते,
चुलीवर डाळ होती,
तीनदा धुतली की दोनदा?
अंडी नुसतीही गार पडतात, इंदू म्हणते,
कोंबडीची नाही का पडत?
पडतात.

आता फवारणी झाली की
मी धुऱ्यावर बसून टाकी धुते.
एकदा. दोनदा. तीनदा.
मग वाकून, डोकं आत घालून
वास घेते.
"रिकामी टाकी किती धुशीन वो,"
भाऊजी विचारतात.

मी चौथ्यांदा पाणी भरते.