दोन किलोमीटरचं वर्तुळ

याकूब कुलूप उघडतो, फोन मी उचलते.
मत्राहच्या बाजारामागे, सोनारांच्या गल्लीच्या तोंडाशी
पाच हात रुंद दुकान. चाव्या इतक्या टांगलेल्या
की पंखा लावला की भिंती बोलू लागतात.

मार्चमध्ये जोबिन आला, हातात टॅब, कपाळावर घाम.
म्हणाला, चेची, आता लोक मान वर करून पाटी बघत नाहीत,
मान खाली घालून फोन बघतात.
तीन पॅकेजं दाखवली: एकात टिचकीला पैसे,
एकात फोन आला तर पैसे,
तिसऱ्यात सगळं तो बघणार, आम्ही फक्त पैसे.
तिसऱ्याचा रंग सोनेरी होता.

चावीवाला शोधतं कोण, मी विचारलं.
'माझ्या जवळ' असं लिहून शोधतात, तो म्हणाला.
माझ्या जवळ.
रात्री अकराला, स्वतःच्याच दाराबाहेर,
हातात कचऱ्याची रिकामी बादली, आत गॅसवर दूध.
त्या घटकेला माणूस कुणाला जवळचं म्हणतो
ते मला आवाजावरून कळतं.

नकाशावर आमच्या दुकानाची टाचणी
मशिदीच्या पार्किंगमध्ये रुतली होती.
ती उपटून जागेवर लावायला एक बैसाही पडत नाही
हे जोबिनने सांगितलं नव्हतं.
तहूराने शोधून काढलं, बी.कॉम.च्या पेपरच्या आदल्या रात्री.

मग वर्तुळ काढायचं होतं.
दोन किलोमीटर म्हटलं तर अर्धं समुद्रात पडलं,
उरलेल्यात निम्मा डोंगर, काळा, उघडाबोडका,
जिथे शेळीलासुद्धा दार नाही.
म्हणजे माशांना जाहिरात दाखवायची? याकूब हसला.
पाच केलं तर रुवी आत येते,
आणि रुवीत कुलपांपेक्षा चावीवाले जास्त.
तिथे एका टिचकीचा भाव तीनशे बैसा,
गुरुवारी रात्री साडेचारशे.
तेवढ्यात आम्ही अख्खी चावी कापून देतो,
पितळ आमचं.

माझी एक निळी वही आहे, सौदा लिहायची.
दर फोनला विचारते, नंबर कुठून मिळाला?
लिफ्टमधला स्टिकर. बकाल्यातला कोया. मेहुणा.
'मागच्या रमजानात तुम्हीच आला होतात, ओळखलं नाही?'
महिनाभर टिचक्यांचं करून पाहिलं.
एकसष्ट टिचक्या, चौदा फोन.
त्यातले चार दुसरे चावीवाले, भाव काढायला.
एक जोबिन, चालतंय ना विचारायला.
आणि एक बाई. म्हणाली, कुलूप बाहेरून आहे,
नवरा लावून गेलाय, आतून उघडता येतं का?
मी पत्ता विचारला, तिने हळूच ठेवून दिला.
त्या टिचकीचे पैसे मी वहीत लिहिले नाहीत.
नंबर ठेवलाय.

एकोणतीस तारखेला समुद्रातून फोन आला.
खरंच.
सलायाची लाँच, बंदराबाहेर नांगर टाकून,
भंडारी म्हणाला, तांदळाच्या पेटीची किल्ली पाण्यात पडली,
अकरा माणसं उपाशी आहेत
आणि फोनवर तुमचंच दुकान सगळ्यात जवळ दाखवतंय.
याकूब होडीतून गेला, हत्यारांची पिशवी पोटाशी धरून,
जाताना एकदा आणि येताना दोनदा ओकला.
दोन रियाल मिळाले, आणि बरणीभर कैरीचं लोणचं.

सोनेरी पॅकेज नको म्हणून कळवलं.
जोबिनला चहा पाजला, तो रागावला नाही,
त्याच्या खोलीची जास्तीची चावी करून घेऊन गेला.
आता रात्री दहा ते पहाटे सहा, दोन किलोमीटर,
दिवसाला दीड रियाल, संपले की दिवा बंद.
तहूरा म्हणाली, अम्मी, समुद्र वगळता येतो,
हे बघ, इथे बटण आहे.
मी म्हटलं, राहू दे.
पैसे टिचकीला पडतात,
मासे कुठे टिचकी मारतात.